पुण्यात संग्रहालयाच्या आवारात लग्न: काय जमतं, काय नाही आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्न पुण्यातच करायचं, दोन्हीकडचे मिळून दोनशे लोक, नेहमीचं कार्यालय नको. शहरातल्या एखाद्या जुन्या संग्रहालयाच्या चौकात किंवा आवारात विधी, जेवण आणि संध्याकाळी थोडं गाणंबजावणं. परवानगी कोणाची, तयारी कशी करायची आणि बिघडतं काय?

आधी एक गोष्ट पक्की करा. विस्तव, धान्य, फुलं, जेवण आणि वाद्यं दालनांच्या दाराबाहेर राहतील. दालनांत फक्त माणसं जातील, तीही रिकाम्या हातांनी आणि थोडी थोडी. हे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना मनापासून मान्य असेल तर संग्रहालयातलं लग्न फार देखणं होतं. दालनातच बोहलं हवं, शिल्पांसमोर स्टेज हवं, असा हट्ट असेल तर सरळ कार्यालय घ्या. खाली जे सांगतो आहे ते सगळं या एका रेषेवर उभं आहे.

जागेचं बघू. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, पाताळेश्वर या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तू. १९५८ च्या कायद्याखाली १९५९ मध्ये झालेल्या नियमांनुसार अशा वास्तूत सभा, स्वागतसमारंभ, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय घेता येत नाही. तिथल्या कर्मचाऱ्याने तोंडी ‘बघू’ म्हटलं याला काही अर्थ नाही. आगाखान पॅलेसबद्दल तर माझं मत स्पष्ट आहे: महादेवभाई देसाई १९४२ मध्ये आणि कस्तुरबा १९४४ मध्ये तिथेच, कैदेत असताना गेल्या, दोघांच्या समाध्या त्या आवारात आहेत. तिथे लग्नासाठी अर्जही करू नये.

उरल्या राज्य सरकारच्या किंवा महापालिकेच्या ताब्यातल्या वास्तू आणि संस्था-विश्वस्तांची संग्रहालयं. सरकारी ठिकाणी फाइल वर जाते, त्यामुळे चार ते सहा महिने हातात ठेवा. विश्वस्त मंडळ असेल तर मंडळाच्या बैठकीत ठराव व्हावा लागतो. बैठक कधी आहे ते विचारून अर्ज त्याआधी द्या. केळकर संग्रहालयासारखी वाड्याच्या घाटाची इमारत डोळ्यांसमोर आणा: अरुंद जिने, कोरीव दरवाजे, लाकूड, वस्त्रं, वाद्यं, दिवे. तिथे दालनांतून दोनशे माणसं एकदम फिरवण्याचा विचारच नको. मोकळं आवार, स्वतंत्र फाटक आणि दालनांपासून निदान पंधरा मीटर दूर जेवणाची जागा या तीन गोष्टी असतील तरच पुढे जा. यातली एक जरी नसेल तर जागा कितीही सुंदर असली तरी सोडून द्या.

तारीख ठरवताना मुहूर्ताबरोबर संग्रहालयाची वेळ बघा. गोरज मुहूर्त सगळ्यांना हवा असतो, पण डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि बहुतेक संग्रहालयं साडेपाच-सहालाच बंद होतात. प्रेक्षक बाहेर पडायचे आणि वऱ्हाड आत यायचं, यात अर्धा तासही मिळत नाही. दोनशे खुर्च्या, बोहलं, दिवे, पाण्याची सोय याला चार माणसं दोन तासांत कशीबशी पुरतात. घाई झाली की कोरीव खांबाला शिडी टेकते. म्हणून आठवड्याच्या सुट्टीचा वार आणि सकाळी दहा-अकराचा मुहूर्त ही जोडी सर्वांत चांगली. सामान आदल्या संध्याकाळी, संग्रहालय बंद झाल्यावर आणा. पेठांमधला भाग असेल तर मोठा ट्रक विसरा; छोटे टेम्पो आणि अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा वाहतूक शाखेकडून आधी माहीत करून घ्या.

आता विस्तव. लाजाहोम आणि सप्तपदी हा हिंदू विवाहाचा गाभा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे ज्या रीतीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. त्यामुळे ‘होम वगळून टाकू’ असं परस्पर ठरवू नका. तीन रस्ते आहेत. पहिला, आवारात उघड्यावर होम. दुसरा, सकाळी घरी दहा-पंधरा माणसांत विधी आणि आवारात अंतरपाट, मंगलाष्टकं आणि भेटीगाठी. तिसरा, विशेष विवाह कायदा, १९५४: ज्या जिल्ह्यात दोघांपैकी एक जण निदान ३० दिवस राहिला आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, तीस दिवसांची मुदत, त्यानंतर नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर विवाह. हा विवाह कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरच्या ठिकाणीही लावता येतो. त्याला जादा शुल्क असतं आणि अधिकाऱ्यांची वेळ आधी घ्यावी लागते. पुण्यातच १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या पद्धतीच्या विवाहात होम नसतो, मंगलाष्टकं असतात. घरात ती परंपरा असेल तर संग्रहालयाला याहून सोयीचं काही नाही.

होम करायचाच तर जमिनीवर थेट कुंड मांडू नका. खाली सिमेंटचा पत्रा, त्यावर लोखंडी परात किंवा ट्रे, त्यात दोन इंच कोरडी वाळू आणि वाळूवर विटांचं कुंड. दगडी फरशी अचानक एका जागी तापली की तिचे पापुद्रे निघतात. वाळू आणि पत्रा यासाठी. समिधा किलो-दीड किलो आणि तूप पाव ते अर्धा किलो पुरतं. गुरुजींना आधीच सांगा की धूर कमी हवा, समिधा पूर्ण वाळलेल्या आणा. ओल्या समिधांचा धूर जड असतो आणि तो खिडक्यांतून आत जाऊन काचेवर, चित्रांवर, कापडांवर चिकट काजळी धरतो. उन्हाळ्यात पुण्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून जोर धरतो, म्हणून कुंड इमारतीच्या पूर्वेला घेतलं तर धूर इमारतीपासून दूर जातो. त्या बाजूच्या दालनांच्या खिडक्या विधीच्या अर्धा तास आधी बंद. जवळ दोन अग्निशामक नळकांडी, पाण्याची बादली, ओलं पोतं आणि फक्त एवढंच काम असलेला एक माणूस. दालनातले धूरशोधक ‘वाजतील म्हणून’ बंद करायला सांगणारे कंत्राटदार भेटतात. ते कधीच मान्य करू नका. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरायची, कचऱ्याच्या पिशवीत नाही. वरून गार दिसणाऱ्या राखेत तासन्‌तास निखारा राहतो.

अक्षतांकडे फारसं कोणी लक्ष देत नाही, पण संग्रहालयाचं खरं नुकसान तिथून सुरू होतं. दोनशे माणसांना दोन-तीन किलो तांदूळ सहज लागतो. त्यातला अर्धा वधूवरांपर्यंत पोचतच नाही. तो चपलांखाली जातो, लाकडी पाटणीच्या फटींत अडकतो, खांबाच्या कुंभीमागे साचतो. दोन-तीन आठवड्यांत त्यात सोंडे होतात, मागोमाग उंदीर येतात, आणि उंदीर तांदूळ संपल्यावर हस्तलिखितं आणि भरजरी वस्त्रांकडे वळतात. उपाय सोपा आहे. बोहल्याभोवती वीस बाय वीस फुटांची जाड सुती चादर अंथरा, अक्षता त्या चादरीच्या आत उभ्या असलेल्यांनाच द्या आणि शेवटचं ‘सावधान’ झाल्यावर, पहिला फोटो निघायच्या आत, चार माणसांनी चारी कोपरे धरून ती उचलायची. बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. अक्षता कुंकवात ओल्या करू नका. एक दिवस आधी रंगवून सावलीत खडखडीत वाळवा, नाहीतर त्यांचा लाल डाग फरशीवर आणि शालूवर राहतो.

फुलांचंही तसंच. गालिचे, लोकरी वस्त्रं, पिसं, चामडं खाणारी जी बारीक अळी असते तिचा प्रौढ किडा फुलांच्या परागावर जगतो आणि झेंडू-शेवंतीच्या गठ्ठ्यांबरोबर आत येतो. म्हणून गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आलेली फुलं रस्त्यावर, फाटकाबाहेर झटकायची, पोती आणि पेंढा आत आणायचाच नाही आणि सगळी सजावट त्याच रात्री बाहेर काढायची. वधूवर संग्रह पाहायला आत जाणार असतील तर गळ्यातले हार दाराशी उतरवून परातीत ठेवायचे. मुंडावळ्या मोत्यांच्या असतील तर राहू द्या. दाराशी केळीचे खांब हवेत? मग ते पाणी भरलेल्या पिंपात नाही, कोरड्या ट्रेमध्ये उभे करा: केळीचा चीक दगडावर पडला की डाग निघत नाही. नारळ फोडायला स्वतःचा दगड न्या. पायरीवर नारळ फोडू नका.

सजावटवाल्याबरोबर करार करताना एक वाक्य ठळक लिहून घ्या: इमारतीला काहीही बांधायचं, टोचायचं, चिकटवायचं नाही. सगळी चौकट स्वतःच्या पायावर उभी, भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून. लाकडी खांबाला बारीक तारेने तोरण बांधलं की वाऱ्याने ते दिवसभर हलतं आणि तार कोरीव पाकळीच्या कडेला करवतीसारखी कापत जाते. संध्याकाळी तार सोडल्यावर तिथे केसाएवढी पांढरी रेघ दिसते. ती पॉलिशने झाकली जाते, भरून येत नाही. दुहेरी चिकटपट्टी जुना रंग सोलूनच निघते. मांडवासाठी आवारात पहारीने खड्डे नकोत, खाली जुनं बांधकाम किंवा नळ-तारा असू शकतात. त्याऐवजी प्रत्येक मोठ्या खांबाला दोनशे लिटरचं पाण्याने भरलेलं पिंप बांधा, म्हणजे सुमारे दोनशे किलो वजन मिळतं. पण मांडव मोठा असेल तर वजनाचा हिशेब अभियंत्याकडून करून घ्या. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस वाऱ्यासकट येतो. कार्यालयात लोक आत पळतात. इथे ओल्या अंगाने, ओल्या चपलांनी दोनशे माणसं दालनांत पळाली तर काय होईल याचा विचार करा. म्हणून छत सुरुवातीपासून पावसाचंच घ्या, ‘आलाच पाऊस तर बघू’ असं नको. मांडववाल्यांचं स्वस्त लाल कारपेट भिजलं की रंग सोडतं; फिक्या फरशीवर ते कधीच घालू नका.

दालन पाहण्याची सोय जरूर ठेवा, नाहीतर संग्रहालयात लग्न करून उपयोग काय? वीस-वीस जणांच्या तुकड्या, प्रत्येकीबरोबर संग्रहालयाचा एक माणूस, पंधरा-वीस मिनिटं. जेवणाच्या पंगती आणि तुकड्या आलटून पालटून घेतल्या तर दोनशे जण अडीच ते साडेतीन तासांत आरामात पाहून होतात. वीसच का? शांत बसलेला माणूसही तासाला साधारण पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो आणि शंभर वॉट उष्णता देतो. दोनशे माणसं बंद दालनात तासभर उभी राहिली की हवेत दहा लिटर पाणी आणि वीस किलोवॉटचा हीटर आल्यासारखं होतं. लाकूड, हस्तिदंत, चामडं फुगतं, रात्री गार झाल्यावर आकसतं आणि तडे जातात. दुसरं कारण मजल्याचं. राहत्या घराचा मजला दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा भार धरून आखतात, गर्दीच्या सभागृहाचा पाचशेचा. जुन्या वाड्याच्या तुळया घराच्या हिशेबाच्या. त्यावर वरात चढवून नाचणं धोक्याचं आहे. वरच्या मजल्यावर नाच कोणत्याही परिस्थितीत नको.

छायाचित्रकाराला दालनात फ्लॅश आणि व्हिडिओचे दिवे बंद, हे लेखी द्या. वस्त्रं, लघुचित्रं, हस्तलिखितं पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मंद उजेडात ठेवतात. हजार लक्सचा व्हिडिओ दिवा एक तास लावला तर त्या वस्तूने वीस तासांचा, म्हणजे रोजच्या आठ तासांप्रमाणे अडीच दिवसांचा उजेड एका तासात सोसला. प्रकाशाचं नुकसान साठत जातं आणि परत फिरत नाही. दगडी शिल्पांना आणि धातूच्या भांड्यांना उजेडाने काही होत नाही, फोटो तिथे काढा. ड्रोन मात्र नियमांप्रमाणे लागणारी परवानगी हातात असल्याशिवाय नको. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे हे पुण्यात कोणी विसरू नये.

आवाजाचे नियम सगळ्यांना अर्धवट माहीत असतात. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही, हे एक. दुसरं, शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आतला भाग सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. तिथे दिवसाही ढोल-ताशा, स्पीकर, फटाके चालत नाहीत. पेठांत आणि डेक्कनला बहुतेक आवारं कुठल्या ना कुठल्या शाळेच्या जवळ आहेत, तेव्हा जागा बुक करण्याआधी हे विचारून घ्या आणि पोलीस ठाण्याची परवानगी काढा. शांतता क्षेत्र नसेल तर सनई-चौघडा स्पीकरशिवायही चौकाला पुरतो आणि शोभतो. डीजेचे खर्ज काढणारे मोठे डबे तर नकोच: त्या कंपनाने काचेच्या फळीवरची भांडी कणाकणाने सरकतात आणि तासाभरात कडेला येतात. स्पीकर लावणारच असाल तर आवाज तपासताना जवळच्या काचपेटीवर पाण्याची उथळ ताटली ठेवून बघा. पाण्यावर कड्या उठल्या की आवाज खाली आणा. धुराचं यंत्र आणि ‘थंड फटाके’ दोन्ही बंद. त्यांच्या ठिणग्या नावाएवढ्या थंड नसतात. गाण्यांच्या हक्काच्या पैशांची मागणी आली तर घाबरू नका: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे.

जेवण. आवारात तळण नको, कारण तेलाची वाफ खिडक्यांवर आणि लाकडावर बसते आणि तिच्यावर धूळ चिकटते. स्वयंपाक केटररच्या मुदपाकखान्यात, इथे फक्त गरम ठेवणं आणि वाढणं. ज्योतीवर चालणाऱ्या भांड्यांऐवजी विजेची घ्या: बारा भांडी, दिवे, स्पीकर, पंखे मिळून साधारण पंचवीस किलोवॉट होतात, त्याला चाळीस केव्हीएचा जनरेटर पुरतो. संग्रहालयाच्या जुन्या वायरिंगवर हा भार टाकू नका. जनरेटर रस्त्याच्या बाजूला, धुराचं नळकांडं इमारतीकडे तोंड करून नको.

पंगत घ्यायची असेल तर मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा सगळं होऊ शकतं. अडचण फरशीची आहे. पुण्यातल्या जुन्या आवारांत शहाबादी फार, आणि शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. मठ्ठा, लिंबू, सोलकढी सांडून तशीच राहिली की आंबटपणाने तिची झिलई जाते आणि बोटाने चाचपता येईल असा खडबडीत डाग पडतो. हळद शोषली जाते. पण सगळ्यांत मोठं नुकसान लग्नानंतर होतं, सफाईवाला मुलगा डाग काढायला ॲसिडची बाटली आणतो तेव्हा. ॲसिडने फरशीवर बुडबुडे येतात, तो ‘डाग निघतोय’ म्हणतो. निघत असतो तो दगड. सांडलं की लगेच टिपायचं, मग साधं पाणी आणि सौम्य साबण, बस. पंगतीखाली जाड प्लॅस्टिक आणि त्यावर सतरंजी घातली की हा प्रश्न नव्वद टक्के मिटतो. दारू नको असा माझा आग्रह आहे, परवाना मिळत असला तरी.

स्वच्छतागृहं मोजा. संग्रहालयात दोन-चार असतात, दोनशे माणसांना निदान आणखी दोन फिरती लागतील. वृद्धांसाठी एक कमोडचं, पायऱ्या नसलेलं.

लेखी करारात या गोष्टी हव्यातच: नकाशावर लाल रेषेने दाखवलेली वापराची जागा, माणसांची कमाल संख्या, सामान आणण्यापासून उचलण्यापर्यंतच्या वेळा, अनामत, अपघात-नुकसानीचा विमा, आणि संग्रहालयाचा एक असा माणूस ज्याने ‘थांबा’ म्हटलं की सगळे थांबतील. आदल्या दिवशी दोन्ही बाजूंनी मिळून खांब, भिंती, फरशी, दारं यांचे फोटो काढा आणि त्यावर सह्या करा. जुना टवका तुमच्या अनामतीतून कापला जाणार नाही आणि नवा टवका कुणाला नाकारता येणार नाही. मांडव मोठा असेल तर अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला विचारून घ्या. वरात रस्त्यावर काढायची असेल तर वाहतूक शाखेची परवानगी वेगळी.

रात्री उरलेलं अन्न, पत्रावळी, फुलं त्याच दिवशी बाहेर गेली पाहिजेत, ‘सकाळी नेऊ’ चालत नाही. झाडूने धूळ उडते, म्हणून बोहल्याच्या आणि दारांच्या भोवती व्हॅक्यूमने साफ करा, लाकडी फटींना बारीक नळी लावून. पुढचे तीन आठवडे दालनांच्या दाराशी चिकट सापळे ठेवायला संग्रहालयाला सांगा आणि त्याचा किरकोळ खर्च तुम्हीच द्या. अनामतीचा शेवटचा हप्ता त्या सापळ्यांच्या तपासणीनंतर परत घ्यायचा, असं करारातच लिहिलं तर संग्रहालय पुढच्या जोडप्यालाही ‘हो’ म्हणायची शक्यता वाढते.